नाड्याचे सात वेढे

शब्दांचं रेशनकार्ड असतं तर नवनाथ ओव्हाळच्या कार्डावरचे निम्मे शब्द दर महिन्याला तसेच पडून राहिले असते. कारेगावजवळच्या ज्या कारखान्यात तो फायरमन होता, तिथे नव्याने भरती झालेल्या पोरांना आग कशी विझवायची हे शिकवायचं काम त्याच्याकडे होतं आणि ते तो पाच मिनिटांत उरकायचा. पिन ओढा, नळी धरा, मूठ दाबा, आगीच्या बुडाशी मारा. काही शंका? नसेल तर चला चहाला. बिहारची, लातूरची, बीडची पोरं एकमेकांकडे बघत राहायची आणि हा टोपी काखेत मारून निघालेला असायचा.

पण याच माणसाच्या एका शब्दावर इंद्रजीतसाहेबांचं विमान उडायचं.

इंद्रजीत त्याच कारखान्यात मेंटेनन्सचा इंजिनियर होता. वय तिशीच्या आसपास, घर खुटबावला, घरचा ऊस, घरचा ट्रॅक्टर, आणि डोक्यात लहानपणापासून विमान. नुसतं पंख्याचं नव्हे, जेट. पाच फूट लांब, रॉकेलवर चालणारं, रिमोटने उडणारं खरंखुरं जेट. त्याचं नारळाएवढं इंजिन त्याने परदेशातल्या मित्राकडून मागवलं होतं. ते चालू झालं की कालव्यापलीकडची म्हसरं दावं तोडायची. 'लोकांची पोरं बैल पाळतात, यांच्या पोरानं इमान पाळलंय, आन् वैरण रॉकेलची,' असं गावातली म्हातारी माणसं पारावर म्हणायची आणि रविवार आला की तीच म्हातारी सगळ्यांत आधी माळावर येऊन बसायची.

नवनाथला इंद्रजीतने या खेळात ओढला त्याला कारण घडलं होतं. आधीचं एक जुनं विमान कोसळून बांधावरचं गवत पेटलं होतं आणि पाच माणसांनी चपला मारमारून ते विझवलं होतं. दुसऱ्या दिवशी इंद्रजीत कारखान्यात नवनाथच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मामा, दर रविवारी खुटबावला याल का? पोरखेळ आहे, पण आग खरी आहे."

नवनाथला हे वाक्य आवडलं. तो गेला.

पहिल्या रविवारी त्याने विमानाकडे बघितलंच नाही. तो धावपट्टीभोवती फिरला. दोन्ही अंगाचं गवत काढायला लावलं, उसाच्या बाजूने नांगराने चार सऱ्या ओढून घेतल्या, पाण्याचं पिंप आणून ठेवलं आणि त्यात गोणपाटं भिजत घातली. दोन फायर सिलेंडर आणवले. एक पावडरचा, तो पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला, उसापाशी, कारण विमान पडलं तर तिकडेच पडणार. दुसरा गॅसचा, तो इंजिनापाशी, कारण पावडर आत गेली की ते महागाचं इंजिन कायमचं बाद. गॅसचा सिलेंडर घेऊन तो स्वतः विमानाच्या शेपटीपासून तीन पावलांवर डाव्या अंगाला उभा राहायचा. असली इंजिनं चालू होतानाच जास्त दगा देतात. आत रॉकेल साचून राहिलं आणि मग ठिणगी पडली, की शेपटीतून हात-दोन हात जाळ बाहेर येतो. त्या वेळी गॅस मारायला माणूस तयार हवा. तो नसेल तर इंजिनाला हात लावायचा नाही, असा नियम इंद्रजीतने स्वतःच केला होता.

म्हणून चालू करण्याआधी तो गुडघ्यावर बसल्या बसल्या विचारायचा, "मामा, हाय का?" एरवी तो 'आहे' म्हणणारा माणूस, पण इथे गमतीने नवनाथच्याच बोलीत विचारायचा.

नवनाथ अंगठ्याने पिन चाचपायचा आणि म्हणायचा, "हाय."

मग बटण दाबलं जायचं. पाच वर्षांत एकदाही याच्यात खंड पडला नाही. कारखान्यात साहेब आणि फायरमन यांच्यात दहा पायऱ्या होत्या. माळावर साहेब गुडघ्यावर आणि फायरमन उभा. नवनाथला याचं सुख होतं आणि ते त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी कारखान्यात सगळ्या मशिनींची पूजा होते. लेथला हार, क्रेनला हार, साहेबांच्या कॉम्प्युटरला हार, आणि भिंतीवरच्या लाल सिलेंडरांनाही हार. नवनाथ बौद्ध. त्याच्या घरात पूजाबिजा नाही, पण दुसऱ्याने केली तर त्याचं काही म्हणणं नसायचं. पेढा दिला तर खायचा. फक्त एका वर्षी त्याने संध्याकाळी सगळ्या सिलेंडरांवरचे हार काढून ठेवले, कारण फुलं नळीच्या तोंडात अडकत होती. झालं. दुसऱ्या दिवशी युनियनचा पोपटराव वर्कशॉपमध्ये ओरडत फिरला, "ओव्हाळाला आमचं पूजलेलं खुपतं!" कँटीनमध्ये दोन दिवस कुणी नवनाथच्या टेबलावर बसलं नाही. मॅनेजरने बोलावून घेतलं आणि फार गोड आवाजात सांगितलं, की नियम तुमच्या बाजूने आहे हो, पण माणसं सांभाळून घ्या. तेव्हापासून नवनाथ फुलं सुकेपर्यंत थांबायचा आणि सेकंड शिफ्टला, कुणी बघत नाही असं बघून, हळूच हार काढायचा. आपलंच काम चोरासारखं करायची त्याने सवय लावून घेतली होती.

दोन हजार सहाच्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी तो खुटबावला पोचला, तेव्हा गॅसचा सिलेंडर शेडमध्ये नवरीसारखा नटून उभा होता. इंद्रजीतच्या आई, दगडाबाई, यांनी ट्रॅक्टर, मोटारीचा स्टार्टर, खुरपी आणि विमान यांच्याबरोबर त्याचीही पूजा केली होती. पोटाला हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडू, आणि मुठीला पूजेचा लाल-पिवळा नाडा. एक-दोन नव्हे, मोजून सात वेढे, पिनेच्या कडीतून ओवून वर गाठ मारलेली. विमानाचा नाडा इंद्रजीतने उडवायच्या आधी काढून टाकला होता. सिलेंडर मात्र मामांचं खातं, तिथे तो बघायचाही नाही.

नवनाथने झेंडूची माळ उतरवून खिळ्याला लावली आणि नाड्याच्या गाठीला हात घातला. तेवढ्यात शेडच्या दारात दगडाबाई आल्या.

"अवो ओव्हाळ, तेवढा नाडा ऱ्हाऊ द्या बरं का. सवा महिना ऱ्हाऊ द्या. माझ्या पोराची राखण करतोय त्यो बंब, म्हनून मी मुद्दाम बांधलाय."

त्यांच्या आवाजात माया होती. नवनाथचा हात खाली आला.

बोलायला एकच वाक्य लागलं असतं. मावशी, हा नाडा पिनेला अडतोय, तोडावा लागंल. बाई काही वाघीण नव्हती. पण त्याला पोपटरावचा आवाज ऐकू आला, कँटीनमधलं रिकामं टेबल दिसलं आणि वर, खरं सांगायचं तर, त्याला बरंही वाटलं होतं. त्याच्या कामाला आजवर कुणी हळदीकुंकू लावलं नव्हतं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की."

भीड पडली. आपल्याकडे भिडेखातर माणसं नको तिथे सह्या करतात, नको त्या घरात पोरी देतात आणि वर चहा पिऊन येतात. नवनाथने एक नाडा ठेवला. त्या रविवारी विमान चार वेळा उडालं. चारही वेळा इंद्रजीतने विचारलं आणि चारही वेळा नवनाथने अंगठ्याने पिन चाचपली. अंगठ्याला पिन लागली नाही, नाडा लागला. तो "हाय" म्हणाला.

पुढच्या रविवारीही तेच. दोन वेळा सुरळीत उडालं. तिसऱ्या वेळी इंजिन पकडेना. पंखा घुमायचा, आत रॉकेल जायचं, ठिणगी पडायची नाही. इंद्रजीत म्हणाला, "आणखी एकदा. मामा, हाय का?"

"हाय."

भक्क असा आवाज झाला. शेपटीतून जाळ आला, कमरेएवढा. नवनाथ पुढे झाला, कडीत बोट घातलं आणि ओढलं. आलं नाही. पुन्हा ओढलं. तेला-कुंकवाने नाडा वाळून सुतळीसारखा घट्ट झाला होता. त्याने मूठ तशीच दाबून बघितली, गाठ दाताने धरून बघितली. तोंडात हळद आली. तिकडे इंद्रजीतने रिमोटवरून रॉकेल बंद केलं, पण जाळ आत शिरलेला दिसत होता. आत्ता मामांचा गॅस येईल, तोवर नळी उपसावी म्हणून त्याने विमानाच्या पाठीवरचं झाकण उघडून दोन्ही हात आत घातले. टाकीची नळी निसटली. रॉकेल त्याच्या हातांवर, बाह्यांवर, गळ्यावर उडालं आणि पेटलं.

नवनाथने सिलेंडर टाकला. पिंपातलं गोणपाट काढलं, इंद्रजीतला आडवा पाडला आणि त्याच्यावर गोणपाटासकट पडला. दुसरं गोणपाट, तिसरं. मग बादलीने पाणी, किती तरी वेळ पाणी. कुणीतरी हळद आणायला पळालं तर त्याला त्याने शिवी हासडली. "नुसतं पानी वता!" हे सगळं त्याने बिनचूक केलं. बघणाऱ्यांनी नंतर दहा गावांत सांगितलं, की ओव्हाळ नसता तर पोरगं माळावरच गेलं असतं. ते खोटं नव्हतं.

जीपमध्ये इंद्रजीतला घालून लोक निघून गेल्यावर नवनाथ सिलेंडरापाशी येऊन बसला. खिशातल्या चाकूने त्याने नाडा कापला. एका फटक्यात कापला गेला. तुकडे त्याने विमानाच्या राखेत टाकले आणि मग आपण हे का केलं, ते त्याला आठवेना. त्याला वाईट वाटेना, रडू येईना, भीतीही वाटेना. दात काढताना डॉक्टरांनी सुई दिली की ओठ आपला राहत नाही, तसं त्या सबंध माणसाचं झालं होतं. मोटारसायकल काढून तो चौफुल्यावरून, पारगावच्या पुलावरून, न्हावऱ्यातून कारेगावला आला, पण वाटेत काय दिसलं ते त्याला सांगता आलं नसतं.

तीन दिवसांनी त्याने बायकोला, करुणाला, सांगितलं. करुणा अंगणवाडीत सेविका होती. साठ पोरांचा गलका रोज ऐकायची सवय असल्यामुळे ती सहसा दचकायची नाही. या वेळी तिने चालू गॅस बंद केला.

"कुनाला बोलला न्हाई ना?"

"न्हाई."

"मग बोलू बी नका. तुमाला ठाव हाय ना काय म्हंतील? म्हंतील, त्याला पूजा खुपत व्हती, त्यानं मुद्दाम तसाच ठिवला. पोपटराव हायेतच सांगायला. काडला आस्ता तरी तुमीच वाईट, ठिवला तरी तुमीच. आपली पोरगी ह्याच गावात कॉलेजला जायाची हाय."

"त्या साहेबाची दोन्ही हातं गेली, करुणा."

"तुमी वाचिवला की त्याला." मग म्हणाली, "आन् त्या माउलीचं काय? तिच्या नाड्यापायी आसं झालं, हे तिला सांगनार? पोराला रोज बघंल आन् रोज मरंल ती."

हे दुसरं नवनाथला पटलं. का पटलं, तर ते चांगुलपणासारखं दिसत होतं. आपण आपल्यासाठी गप्प नाही, तिच्यासाठी गप्प आहोत, असं म्हणता येत होतं. त्याने ते पाच महिने स्वतःला म्हणून घेतलं.

या पाच महिन्यांत तो कामावर गेला, जेवला, झोपला. हजेरीत एक खाडा नाही. पुण्याच्या इस्पितळात इंद्रजीतला बघायलाही गेला, दोनदा. इंद्रजीत हात वर टांगलेले, पट्ट्यांत गुंडाळलेला. डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून हातांना लावली होती. तो म्हणाला, "माझीच घाई झाली, मामा. थांबायला हवं होतं." नवनाथने पायाशी उभं राहून मान हलवली आणि पिन जाम झाली होती, एवढंच म्हणाला. दगडाबाईंनी त्याच्या हातात मोसंबं दिलं आणि रडल्या. तो मोसंबं घेऊन एसटीत बसला आणि कारेगावला उतरताना ते सीटवरच राहिलं.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. कारखान्याने मंडप घातला, चारशे माणसं सतरंजीवर बसवली आणि नवनाथ ओव्हाळचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र. हार घालायला पुढे आला तो खुद्द पोपटराव. "आमचा वाघ हाय ह्यो!" असं माइकवर म्हणून त्याने नवनाथला मिठी मारली. टाळ्या झाल्या. मग मॅनेजर म्हणाले, आता ओव्हाळमामा आपल्याला दोन शब्द सांगतील, त्या दिवशी नेमकं काय घडलं ते.

नवनाथ माइकपाशी गेला. त्याला दोनच शब्द सांगायचे असते तर बरं झालं असतं. समोर नव्या पोरांची पहिली रांग बसली होती, वह्या उघडून. त्याने नेहमीचं सुरू केलं.

"पिन ओढा," तो म्हणाला.

पुढचं आलं नाही. नळी, मूठ, बूड, सगळं कुठे गेलं. लोकांना वाटलं, मामांना भरून आलं. पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. त्याला भरून आलं नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं, की ही पोरं उद्या आपल्याला 'हाय का' विचारणार आणि आपण हाय म्हणणार आणि ती त्याच्या भरवशावर हात आत घालणार. तो खाली उतरला, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, गेटवर सही केली आणि मोटारसायकलला किक मारली. करुणाला फोन केला नाही. तिला फोन केला असता तर तिने अडवलं असतं आणि तो अडला असता.

खुटबावला पोचला तेव्हा दुपार कलत होती. इंद्रजीत ओट्यावर खुर्चीत बसला होता. दुसरं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, म्हणून दोन्ही हात कोपरापर्यंत पुन्हा पांढऱ्या पट्ट्यांत. दगडाबाई शेजारी स्टुलावर वाटीत भाकरी कुस्करत होत्या. आजारी माणसाला वेळेवर जेवण नसतं. दुखणं थांबलं की जेवायचं.

"या की ओव्हाळ! बसा. सत्कार व्हता न्हवं आज?"

तो बसला नाही. ओट्याच्या पायरीखाली उभा राहिला.

"साहेब, सिलेंडर का चालला न्हाई ते सांगायला आलोय."

इंद्रजीतने मान वर केली. "पिन जाम झाली होती ना? तुम्हीच म्हणालात."

"जाम न्हवती. नाडा व्हता तिला. पूजेचा. सात वेडे. मी बघितला व्हता, आदल्या रव्वारीच. कापायला पायजेल व्हता. न्हाई कापला."

वाटीतला हात थांबला. दगडाबाईंनी वर बघितलं नाही.

"बघितला होता," इंद्रजीत सावकाश म्हणाला, "आणि हाय म्हणालात?"

"व्हय."

"प्रत्येक वेळी?"

"दर येळेला. आदल्या रव्वारी बी, चार येळा."

इंद्रजीतने आपल्या पट्ट्यांकडे बघितलं. तो ओरडला असता तर नवनाथला सोपं गेलं असतं. तो साध्या आवाजात म्हणाला, "मामा, मी आत हात घातला कारण तुम्ही हाय म्हणाला होता. नाहीतर मी लांब पळालो असतो. एवढं मला नक्की माहीत आहे."

हे नवनाथला ऐकू आलं. पाच महिन्यांत पहिलं काही धड ऐकू आलं असेल तर हे. छातीत कुठेतरी दुखलं, आणि ते दुखणं आपलंच आहे हे कळायला त्याला एक क्षण लागला.

"व्हय," तो म्हणाला. "माजी चूक हाय. मावशींची न्हाई. त्यांनी मायेनं बांधला. तोडायचं काम माजं व्हतं."

दगडाबाईंनी वाटी खाली ठेवली. त्यांचा चेहरा रडवेला झाला नव्हता. रागाने लाल झाला होता.

"माझ्या मनात पाच म्हयने त्योच नाडा हाय," त्या म्हणाल्या. "मला काय कळत न्हाई व्हय? मीच बांधला, मला ठाव न्हाई? रोज वाट बघतीया, ह्यो मानूस येतो, पायाशी हुबा ऱ्हातो आन् जातो, कवा तरी बोलंल. म्हनंल, मावशी, तुमी चुकला. तेवढं बी न्हाई. अवो, घरचं मानूस आस्तं तर म्हनलं आस्तं, आगं आई, काय बांधलंस हे, आन् टाकला आस्ता कापून! मी काय रडत बसले आस्ते व्हय? तुमी मला घरचं मानलं न्हाई, ओव्हाळ. परकं मानलं. म्हनून माझ्या पोराची हातं गेली."

यावर गप्प बसून, मान खाली घालून नवनाथला जाता आलं असतं. तो तसा पन्नास वेळा गेला होता. पण बोलायची सुरुवात झाली होती, आणि आता काय राखायचं, हे त्याला सुचेना.

"घरचा कवा झालो मी, मावशी?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पाच वर्सं येतोय. रव्वारला रव्वार. च्या दिला, पुरनपोळी दिली, सगळं पोटभर दिलं. ह्या वट्ट्यावर दिलं. ह्या उंबऱ्याच्या आत तुमची चूल उजवीकडं हाय का डावीकडं, मला ठाव न्हाई. भीड पडंल न्हाई तर काय व्हईल?"

शेजारच्या वस्तीवर कुणाची तरी मोटार चालू झाली. इंद्रजीतने आईकडे बघितलं आणि मग नवनाथकडे, आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं, की त्यालाही हे आजच पहिल्यांदा दिसत होतं. इंजिनियर माणूस, सगळ्या मशिनींचे आवाज त्याला लांबून कळायचे.

दगडाबाई उठल्या. पदर खोचला. वाटी उचलली, पुन्हा ठेवली.

"आत या," त्या म्हणाल्या. नवनाथ हलला नाही. "या म्हंते ना. त्यालाबी आतच भरिवते. तुमीबी जेवा. सकाळपासनं जेवला न्हाई तुमी, तोंड बघा कसं झालंय."

त्याला नाही म्हणायचं होतं. आज तो फक्त सांगायला आला होता, जेवायला नव्हे. पण इंद्रजीत खुर्चीतून उठून, हातांचा तोल सांभाळत, आधीच उंबरा ओलांडून आत गेला होता आणि दारात वळून उभा होता. नवनाथने चपला काढल्या.

आत काही विशेष नव्हतं. डबल बर्नरची शेगडी, मिक्सर, भिंतीवर कॅलेंडर, फळीवर डबे. करुणाच्या स्वयंपाकघरासारखंच, थोडं मोठं. दगडाबाईंनी दोन पाट मांडले. स्टीलच्या ताटात भाकरी, पिठलं, कांदा वाढला आणि त्याच्यासमोर सरकवला. मग त्या इंद्रजीतपुढे बसल्या, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. इंद्रजीतने लहान मुलासारखं तोंड उघडलं. एक घास, दुसरा घास. हनुवटीवर ओघळलं तर त्यांनी पदराने पुसलं.

"खावा की, ओव्हाळ," त्या मागे न बघता म्हणाल्या.

नवनाथने हात ताटाकडे नेला. भाकरी गरम होती, बोटांना कळली. दहाही बोटं जागेवर होती, हवी तशी वळत होती. त्याने तुकडा मोडला. समोर पट्ट्यांतले दोन हात मांडीवर पडले होते, आणि त्याला त्या माणसासमोर आपला घास तोंडापर्यंत नेता येईना.